पाव, तुरुंग आणि गेंडा : लिस्बनच्या वाटेवरचे शब्द

लिस्बनमध्ये 'रुआ दाश पोर्ताश द सांतू आंताँव' नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. दोन्ही अंगांना खानावळी, बाहेर मांडलेल्या टेबलांवर गिऱ्हाइकांची दाटी. या रस्त्यावरून एक बोळ आत जातो आणि 'पातियू दू त्रोंकू' नावाच्या अंगणात निघतो. तिथे चिनीमातीच्या फरशांचा एक फलक आहे आणि त्यावर पोर्तुगीज महाकवी लुईश द कामोंइश याचं चित्र आहे. १५५२ साली एका धार्मिक मिरवणुकीच्या दिवशी झालेल्या मारामारीत त्यानं राजाच्या पदरच्या एका माणसाला जखमी केलं आणि त्याची रवानगी इथल्या 'त्रोंकू' नावाच्या कैदखान्यात झाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये राजानं माफी दिली आणि त्याच महिन्यात कामोंइश हिंदुस्थानच्या गलबतावर चढला. ते गलबत गोव्याला लागलं. पुढे १५७२ मध्ये त्याचं 'लुझियादश' हे महाकाव्य छापलं गेलं.

बहुतेक प्रवासी या बोळात शिरत नाहीत. मराठी माणसानं मात्र आवर्जून शिरावं. आपला 'तुरुंग' ज्या शब्दापासून आला तो शब्द त्या अंगणाच्या नावात अजून शाबूत आहे.

पोर्तुगीजमध्ये 'त्रोंकू' म्हणजे मुळात झाडाचं खोड, लॅटिन 'त्रुंकुस'चा वंशज. जाडजूड ओंडक्याला भोकं पाडायची, त्यांत गुन्हेगाराचे पाय अडकवायचे आणि वरून अडसर ठोकायचा, ही शिक्षा युरोपात जुनी. त्या ओंडक्यालाही 'त्रोंकू' म्हणू लागले आणि मग जिथे तो ओंडका ठेवलेला असे त्या जागेलाही. मराठीनं नेमका हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे. आपल्याकडे झाडाचं 'खोड' आणि कैद्याचे पाय अडकवायचा 'खोडा' हे एकाच घरातले शब्द. कामात 'खोडा घालणारा' माणूस आजही तोच ओंडका दुसऱ्याच्या पायात अडकवत असतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच वस्तूकडे पाहून एकच विचार केला. म्हणून कोकणातल्या माणसाला 'त्रोंकू'चा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. फक्त उच्चार जिभेवर बसायला हवा होता. आरंभीचा 'त्र' फोडून मधे 'उ' घातला, अनुस्वारानंतरचा 'क' मऊ होऊन 'ग' झाला, शेवटचा स्वर गळला आणि तुरुंग तयार झाला. फारसीतला कैदखाना होता, संस्कृतातलं कारागृह होतं, तरी सरकारी पाटीपासून रोजच्या बोलण्यापर्यंत जम बसवला तो यानंच. 'तुरुंगवास' म्हणताना आपण लॅटिन मुळाच्या शब्दाला संस्कृत 'वास' बिनदिक्कत जोडतो.

या एका शब्दात लिस्बन पाहायची एक रीत दडलेली आहे. मार्गदर्शक पुस्तकांत बेलेमचा बुरूज, जेरॉनिमुश मठ, अल्फामाची टेकडी, फरशांचं संग्रहालय अशी यादी असते आणि ती बरोबरच आहे. पण १५१० पासून गोव्यात, १५२१ पासून चौलला आणि १५३४ पासून वसईत पोर्तुगीजांनी ठाण मांडलं, त्या काळात त्यांच्या गलबतांतून जे शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरले त्यांचीही एक यादी आहे. या दोन याद्या शेजारी ठेवून शहर पाहिलं तर लिस्बन फार वेगळं दिसतं. ते या शब्दांचं जन्मगाव क्वचितच निघतं. बहुतेक शब्द तिथेही कुठून तरी आलेले, काही काळ थांबलेले आणि पुढच्या गलबतानं निघालेले. ज्याला आपण मुंबईत 'धक्का' म्हणतो, तसा हा शब्दांचा धक्का आहे.

ही दुसरी यादी कष्टानं तयार केली ती एका गोवेकरानं. मोन्सेन्योर सेबास्तियाँव रोदोल्फू दाल्गादो १८५५ मध्ये बार्देशातल्या आसगावात जन्मले आणि १९२२ मध्ये लिस्बनमध्ये वारले. धर्मगुरू, कोंकणीचे कोशकार आणि लिस्बनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक. आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी लेखणी थांबली नाही. १९१३ मध्ये लिस्बनच्या विज्ञान अकादमीतर्फे त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आशियातल्या पन्नासच्या आसपास भाषांत पोर्तुगीज शब्द कसकसे शिरले याची ती नोंदवही आहे, आणि मराठी तिच्या पानोपानी भेटते. नंतर १९१९ आणि १९२१ मध्ये त्यांचा दोन खंडांचा कोश आला. त्यात उलटा प्रवास आहे, आशियातून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा. शब्दांची जा-ये दोन्ही बाजूंनी मोजणारा असा अभ्यासक आपल्या किनाऱ्याला लाभला, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे.

तुरुंगाचा विषय निघाला आहे तर लिस्बनच्या मोठ्या चर्चजवळचं 'अल्जूब' संग्रहालय टाळून चालणार नाही. इमारत जुनी, शतकानुशतकं कैदखाना म्हणून वापरलेली. विसाव्या शतकात हुकूमशाहीच्या राजवटीनं राजकीय कैदी इथे डांबले. जेमतेम माणूस आडवा होईल एवढ्या अंधाऱ्या कोठड्यांना 'कुर्रूश' म्हणत. झुंजीआधी बैल कोंडायच्या खुराड्यांचं हे नाव. २०१५ मध्ये इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय उघडलं. 'अल्जूब' हा मूळ अरबी 'अल्-जुब्ब', म्हणजे खोल विहीर, आड. अरबांच्या आडात लिस्बननं माणसं कोंडली आणि लिस्बनच्या ओंडक्यानं आपल्या भाषेत भिंती उभ्या केल्या. छळाच्या जागांची नावंसुद्धा उसनी असतात.

या राजवटीचा आपल्याशी संबंध शब्दापुरता नाही. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवत होते आणि गोवामुक्तीच्या सशस्त्र लढ्यात होते. १९५५ मध्ये ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी त्यांची सुटका व्हायला १९६९ साल उजाडलं. सुधीर फडके यांनी त्यासाठी जिवापाड खटपट केली. ज्या भाषेनं 'तुरुंग' दिला त्या भाषेच्या देशात एका मराठी शिक्षकानं तो शब्द वर्षानुवर्षं भोगला. अल्जूबच्या कोठडीसमोर उभं राहणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असायला हवं.

आता बेलेमला जाऊ. शहराच्या पश्चिमेला, तेजू नदी समुद्राला मिळते त्या बाजूला हे उपनगर आहे. बेलेम म्हणजे बेथलेहेम, येशूचं जन्मगाव, आणि हिब्रूत त्या नावाचा अर्थ 'भाकरीचं घर' असा लावतात. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबतं इथूनच निघाली. त्याच वर्षीच्या ख्रिस्तजन्माच्या सणाला ती आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यापाशी होती त्याचं नाव पडलं 'नाताल'. तोच सण आपल्याकडे 'नाताळ' झाला. शेवटचा 'ळ' इथे पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटचा 'ल' जिभेचा मागचा भाग उचलून जड करतो, आणि मराठी कानानं त्यात आपला 'ळ' ऐकला. हीच गोष्ट 'ओश्पिताल'ची. त्याचं 'इस्पितळ' झालं. लिस्बनच्या रोसियू चौकालगत पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजानं 'सर्व संतांचं' मोठं इस्पितळ बांधायला घेतलं होतं. १७५५ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं आणि त्याचे अवशेष आता शेजारच्या फिगेइरा चौकाच्या पोटात आहेत.

बेलेमचा जेरॉनिमुश मठ सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी मानुएल राजानं बांधायला घेतला. आफ्रिका आणि हिंदुस्थानच्या व्यापाराच्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा त्याच्या बांधकामाला लावला होता. मिरी जहाजातून उतरायची आणि तिच्यातून कमानी उभ्या राहायच्या. खांबांवर दोरखंड, पोवळी, वेली असं समुद्राचं सगळं वैभव दगडात कोरलेलं आहे. आत एका बाजूला वास्को द गामाची समाधी आणि दुसऱ्या बाजूला कामोंइशची. कामोंइशचे म्हणून मानलेले अवशेष इथे १८८० मध्ये आणले. मठालगतच एक प्रसिद्ध दुकान आहे. तिथे १८३७ पासून अंड्याच्या खरपूस गोड पेस्ट्र्या मिळतात आणि त्यासाठी रांगा लागतात.

भाकरीच्या गावात 'पाव'ची गोष्ट सांगायला हवी. पोर्तुगीज शब्द 'पाँव', लॅटिन 'पानिस'पासून आलेला. शब्दाच्या शेवटी नाकातून निघणारा 'आँव' ही या भाषेची खास खूण. शेजारच्या स्पॅनिशमध्ये ती नाही, तिथे भाकरीला 'पान' म्हणतात. मराठीनं तिचा 'आव' केला. पाँवचा पाव झाला, तसाच 'लेइलाँव'चा लिलाव. मोल्सवर्थच्या जुन्या कोशात लिलावावर अनुस्वार दिसतो, म्हणजे नाकातला तो सूर तेव्हापर्यंत पुरता विरला नव्हता. हिंदीनं त्याच सुराचा 'म' केला आणि तिथे 'नीलाम' झाला. दोन वेगळे शब्द एकाच नियमानं बदललेले सापडले की व्युत्पत्ती पक्की होते. नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवला तर माणूस फसतो. 'मेज' पोर्तुगीज 'मेझा'सारखं दिसतं, पण फारसीतही 'मेझ' आहे. 'साबण' पोर्तुगीज 'साबाँव'च्या जवळचा वाटतो, पण वरच्या नियमानं त्याचा 'साबाव' व्हायला हवा होता. आपला शब्द अरबी 'साबून'शी अधिक जुळतो.

याच मठाच्या पश्चिमेकडच्या भागात नौकानयनाचं संग्रहालय आहे. जहाजांच्या प्रतिकृती, नकाशे, होकायंत्रं आणि वास्कोच्या पहिल्या सफरीत सोबत असलेली देवदूत राफाएलची लाकडी मूर्ती तिथे पाहायला मिळते. हिंदुस्थानच्या वाटेवरच्या त्या अजस्र जहाजांना पोर्तुगीज 'नाउ' म्हणत. मराठी 'नाव' आणि पोर्तुगीज 'नाउ' यांत कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही. संस्कृत 'नौ' आणि लॅटिन 'नाविस' ही एकाच आदिम भाषेची लेकरं, हजारो वर्षांपूर्वी पांगलेली. कोकणातल्या एखाद्या खाडीत आपली नाव आणि त्यांची नाउ समोरासमोर आल्या तेव्हा खरं तर दोन चुलत बहिणी भेटल्या. शब्दचर्चेत हा फरक जपावा लागतो. पाव हा पाहुणा आहे, नाव ही भावकी आहे.

तिथून नदीकाठानं चालत गेलं की बेलेमचा बुरूज दिसतो. फ्रांसिश्कू द आर्रूदा या वास्तुकारानं तो सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधला. मठासोबत तो १९८३ पासून जागतिक वारशात आहे. त्याच्या कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्यांच्या घुमटीखाली, आधाराच्या दगडात एका जनावराचं डोकं कोरलं आहे. पावसावाऱ्यानं ते बरंच झिजलं आहे, पण निरखून पाहिलं तर ओळखू येतं. तो गेंडा आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह यानं तो हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसू द आल्बुकेर्क याला भेट दिला. आल्बुकेर्कनं तो गोव्याहून राजाकडे पाठवला, आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला, बुरुजाचं काम चालू असताना. युरोपनं रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजानं तो रोमला पोपकडे भेट म्हणून धाडला. इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज फुटलं आणि साखळदंडात बांधलेलं ते जनावर बुडालं. वर्णन आणि एक रेखाटन एवढ्याच आधारावर जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूररनं केलेलं त्याचं चित्र युरोपात पुढची अडीचशे वर्षं खरं मानलं गेलं.

लिस्बनमध्ये या प्राण्याला 'गंडा' म्हणत. हा आपलाच शब्द, संस्कृत 'गण्ड', 'गण्डक', ज्याच्या घराण्यातला आपला गेंडा. ज्या आल्बुकेर्कनं तो पाठवला त्याचा उंच पुतळा बेलेमच्या राजवाड्यासमोरच्या चौकात आहे. त्याचं पहिलं नाव 'आफोंसू' आपण रोज उन्हाळ्यात घेतो, आफूस किंवा हापूस म्हणून. आंब्याला ते नाव याच आफोंसूवरून पडलं असं परंपरा सांगते. पोर्तुगीजमध्ये आंब्याला 'मांगा' म्हणतात आणि तो मलयाळममधून गेला. म्हणजे नाव इथून तिथे गेलं आणि आडनावासारखं जातीचं नाव तिथून इथे आलं. गोव्याचा 'मानकुराद' हा 'मालकोरादा', म्हणजे ज्याला नीट रंग चढलेला नाही असा. रंगानं फिका आणि चवीला सरस, हे गोवेकरांना सांगायला नको.

शहराच्या मधोमध नदीकडे तोंड करून जो भव्य चौक आहे तो 'प्रासा दू कोमेर्सियू', व्यापाराचा चौक. पण लिस्बनकर त्याला अजून 'तेरेरू दू पासू', म्हणजे राजवाड्याचं पटांगण म्हणतात. राजवाडा मात्र तिथे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्चमध्ये माणसं मावत नसताना भूकंप झाला. मग नदीतून लाटा चढून आल्या आणि नंतर आगी लागल्या. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, आणि 'काझा दा इंदिया'ही गेली. हिंदुस्थानच्या व्यापाराचं हे मध्यवर्ती कार्यालय होतं. मिरी, दालचिनी, कापड यांचा हिशेब आणि विक्री इथून चाले. मार्केश द पोंबाल या मंत्र्यानं शहराचा हा सखल भाग सरळ रेषांत नव्यानं आखला आणि गल्ल्यांना धंद्यांची नावं दिली, सोनारांची, चांदीची, चांभारांची. चौकातून पायऱ्या उतरून नदीत जाणारा दोन खांबांचा धक्का आहे, 'काइश दाश कोलूनाश'. भरतीच्या वेळी त्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात.

या चौकाला शोभणारे आपले दोन शब्द म्हणजे लिलाव आणि पगार. 'लेइलाँव' हा पोर्तुगीजांना अरबीतून मिळाला. 'अल्-इअलाम' म्हणजे जाहीर करणं, दवंडी. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरत. घोडे, गालिचे, हिरेमोती आणि माणसंसुद्धा तिथे बोलीवर चढत. आपला शब्द त्या बाजारातून आला हे विसरता येत नाही. 'पगार' त्या मानानं प्रसन्न आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद, अर्थ 'पैसे देणं'. आपण त्याचं नाम केलं. त्याचं लॅटिन मूळ 'पाकारे', म्हणजे शांत करणं, आणि त्याच्याही मुळाशी 'पाक्स', शांतता. ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं, असा त्याचा अर्थ. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार खात्यात जमा झाला की ज्या घरांत सुस्कारा सोडला जातो, त्या घरांना ही व्युत्पत्ती सहज पटेल.

मंगळवारी किंवा शनिवारी लिस्बनमध्ये असाल तर 'फेइरा दा लाद्रा' हा जुना बाजार पाहा. 'सांता एंग्रासिया'च्या पांढऱ्या घुमटाजवळ तो भरतो. हे चर्च १६८२ मध्ये बांधायला घेतलं आणि १९६६ मध्ये पुरं झालं, म्हणून न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. ते आता राष्ट्रीय स्मृतिमंदिर आहे. बाजारात जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर जुनी घरं रिकामी झालेली असतात. मराठी माणसाला तिथे दुभाषा लागत नाही. 'बाल्द' म्हणजे बादली, 'पीपा' म्हणजे पिंप, 'गामेला' म्हणजे घमेलं, 'फीता' म्हणजे फीत, 'बूशा' म्हणजे बूच, 'आर्मारियू' म्हणजे अलमारी. पोर्तुगीजांनी मराठीला तत्त्वज्ञान दिलं नाही, काव्य दिलं नाही. ज्या वस्तूला हात लागतो तिचं नाव दिलं. शब्द दरबारातून न येता बंदर, गुदाम, माजघर आणि गवंड्याचं काम यांतून आले, याची ही खूण आहे.

त्या चादरींवर गंजलेल्या किल्ल्यांचे जुडगे असतात. पोर्तुगीजमध्ये किल्लीला जे म्हणतात ते लिहिण्यात 'चाव्ह', पण आजचा लिस्बनकर उच्चारतो 'शाव्ह'. लॅटिनमध्ये किल्ली म्हणजे 'क्लाविस'. फ्रेंचनं तिचं 'क्ले' केलं, स्पॅनिशनं 'ल्याव्हे', इटालियननं 'क्याव्हे'. शब्दारंभीच्या 'क्ल'चा 'च' केला तो पोर्तुगीज आणि तिची जुळी बहीण गालिसियन यांनी. म्हणून 'चावी'तला 'च' हा त्या शब्दाचा परवानाच आहे. त्यावर बंदराचं नाव छापलेलं आहे. याहून मोलाची गोष्ट म्हणजे सोळाव्या शतकात लिस्बनमध्येही हा उच्चार 'च'च होता. नंतरच्या काळात तो घासून 'श' झाला. लिस्बननं स्वतःचा जुना उच्चार टाकून दिला आणि आपण तो सांभाळला. पुण्यातली एखादी मुलगी "चावी कुठंय?" म्हणते तेव्हा कामोंइशच्या काळचा 'च' तिच्या तोंडून निघतो.

किल्ल्याच्या टेकडीखालचा अल्फामा हा लिस्बनचा सर्वांत जुना मोहल्ला. अरुंद जिने, वाळत घातलेले कपडे, 'फादू' गाण्याच्या बैठका. 'फादू' म्हणजे नियती, लॅटिन 'फातुम'. या गाण्याचं संग्रहालय १९९८ मध्ये इथे उघडलं. रोमनांच्या काळी शहराचं नाव 'ओलिसिपो' होतं, अरबांनी त्याचं 'अल्-उश्बूना' केलं. ११४७ मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजानं शहर जिंकलं, पण नावांत अरबी तशीच राहिली. 'अल्फामा' म्हणजे 'अल्-हम्मा', ऊन पाण्याचे झरे. हाच धातू 'हमाम'मध्ये आहे, आणि आपल्या जुन्या वाड्यांत अंघोळीची जागा 'हमामखाना' होती. तो शब्द आपल्याकडे फारसीच्या खुष्कीच्या वाटेनं आला, आणि लिस्बनमध्ये उत्तर आफ्रिकेवरून.

शहराच्या पूर्वेला 'माद्र द देउश' मठात फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मठ १५०९ सालचा. भूकंपापूर्वीचं लिस्बन दाखवणारं सुमारे तेवीस मीटर लांबीचं फरशांचं चित्र तिथे आहे. जळालेला राजवाडा, पडलेली चर्चं, नदीतली गलबतं सगळं त्यात निळ्या रेषांनी जिवंत आहे. या फरशांना 'अझुलेझू' म्हणतात, आणि निळ्याला पोर्तुगीजमध्ये 'अझूल'. म्हणून फरशीचं नाव निळ्यावरून पडलं असं वाटणं साहजिक आहे. ते चूक आहे. 'अझुलेझू' अरबी 'अझ्-झुलैज'पासून, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेला लहान दगड. 'अझूल' मात्र फारसी 'लाजवर्द'पासून, त्या निळ्या मौल्यवान दगडाच्या नावावरून. सुरुवातीच्या फरशांत हिरवा, पिवळा, तपकिरी रंगही भरपूर असायचे. निळ्याचं राज्य नंतरचं.

अल्कांतारा भागात, जुन्या गोदीजवळ, २००८ मध्ये उघडलेलं पूर्वेचं संग्रहालय आहे, 'मुझेउ दू ओरियेंत'. 'अल्-कंतारा' म्हणजे पूल. १९६६ मध्ये बांधलेला तांबडा झुलता पूल, जो १९७४ च्या क्रांतीनंतर '२५ एप्रिल' या नावानं ओळखला जातो, तो याच भागावरून नदी ओलांडतो. अरबांच्या काळचा पूल गेला, नाव राहिलं, आणि नावाला साजेसा नवा पूल आला. संग्रहालयाची इमारत पूर्वी खारवलेल्या कॉड माशाचं गुदाम होती. गुदामाला पोर्तुगीजमध्ये 'आर्माझेंय' म्हणतात, अरबी 'अल्-मख्झन'. आपला 'खजिना' त्याच धातूचा. मासे साठवलेल्या वखारीत आज भारत, चीन, जपानच्या वस्तूंचा खजिना मांडला आहे, आणि शब्दांच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

संग्रहालयं पाहून दमल्यावर कुठल्याही साध्या खानावळीत 'कांझा' मागवा. कोंबडीच्या रश्शात शिजवलेला पातळ भात येईल, आजाऱ्याला देतात तसा. ही आपली 'कांजी', मलबारातून गेलेली. गोव्यात राहून १५६३ मध्ये भारतीय औषधींवर ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता तिची नोंद करतो. मुंबईचं बेट काही काळ याच वैद्याकडे खंडानं होतं. 'कारील' आणि 'शामूसा' म्हणजे अनुक्रमे कढी-कालवणाच्या जातीचा रस्सा आणि समोसा. उलट बटाटा, काजू, अननस, पपई ही नावं अमेरिकेतल्या आदिवासींची. काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी लोकांचे, बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. ते लोक पोर्तुगीज आणि स्पॅनिश सत्तेखाली चिरडले गेले, बहुतेक भाषा मिटल्या. उपवासाच्या बटाट्याच्या भाजीत त्यांतल्या एका भाषेचा शब्द उरला आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पुढच्याच वर्षी चौल गेलं. पोर्तुगीज सत्ता उत्तर कोकणातून उठली, पण मराठ्यांनी शब्द परत केले नाहीत. किल्ले लढून घ्यावे लागतात, शब्द वापरून आपले होतात. कुणाचा मूळ शब्द, हा वाद म्हणून मला अपुरा वाटतो. तो कुठल्या वाटेनं आला, कुणाच्या हातून आला, वाटेत त्याचा उच्चार कुठे घासला आणि अर्थ कुठे फुगला, हे विचारलं तरच शब्द बोलू लागतो. मोल्सवर्थनं एकोणिसाव्या शतकात, कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ च्या व्युत्पत्तिकोशात आणि दाल्गादोंनी लिस्बनमध्ये बसून हे प्रश्न विचारले. काम अजून पुष्कळ बाकी आहे. वसईच्या वाडवळी आणि सामवेदी बोलींत, मुंबईच्या गावठाणांतल्या ख्रिस्ती घरांत प्रमाण कोशांत न आलेले पोर्तुगीज शब्द आजही बोलले जातात.

रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीची भाषा तर या सगळ्याचा आरसा आहे. ते तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीची, क्रियापद शेवटी. मराठीनं पोर्तुगीज शब्द आपल्या वाक्यात बसवले, आणि कोर्लईनं पोर्तुगीज शब्दांना मराठीचं वाक्य दिलं. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर असतील आणि नवी पिढी शाळेत मराठी शिकते. या भाषेतल्या आजीआजोबांचे शब्द आजच लिहून घ्यायला हवेत. लिस्बनला ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, बोळातला 'त्रोंकू' आणि बुरुजावरचा गेंडा पाहावा. दाल्गादोंनी आपलं काम पाय गमावल्यावर, मायदेशापासून हजारो कोस दूर बसून केलं. आपल्याला कोर्लईला जायला अलिबागहून एस.टी. पकडली तरी पुरते.